वाटेत खराब झालेल्या मालाची नुकसानभरपाई

हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी व पॉलिश आटोपली म्हणजे हळकुंडे पोत्यांत भरून वसमतच्या किंवा नांदेडच्या बाजारात न्यावीत, हा चुडावा व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचा जुना परिपाठ आहे. आडतीवर काटा झाला व काटापट्टी हाती पडली की मालावरची शेतकऱ्याची जोखीम संपते. पुढे ती पोती पावसात भिजोत की हमालाच्या आकड्याने फाटोत, तो घेणाऱ्याचा प्रश्न असतो.

गेल्या काही वर्षांत मात्र विक्रीची दुसरी रीत आपल्या भागात रूढ होऊ लागली आहे. काही शेतकरी, बचत गटांतील भगिनी व शेतकरी उत्पादक कंपन्या हळद दळून तिची अर्ध्या किंवा एक किलोची पाकिटे बांधतात आणि ती पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास थेट पाठवितात. हळदीबरोबर डाळी, पापड, लोणची यांनाही मागणी येते. मागणी मोबाइलवर येते, पैसे बँकेत जमा होतात आणि माल कुरिअर, मालमोटार, टपाल अथवा रेल्वे पार्सलने रवाना होतो. दर चांगला मिळतो, मधली दलाली वाचते, हे खरे. परंतु ह्या रीतीत माल गिऱ्हाइकाच्या हाती सुस्थितीत पडेपर्यंतची जोखीम बहुधा विकणाऱ्याच्याच अंगावर राहते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बरणी फुटली किंवा पुड भिजली की गिऱ्हाईक आपले पैसे परत मागते व ते द्यावेच लागतात. माल गेला, भाडे गेले आणि वर किंमतही परत गेली, असे तिहेरी नुकसान होते. हंगामाचे भांडवल तुटपुंजे असलेल्या गटास अशी दोन-तीन खोकी बुडाली तरी पुढील खरेदी थांबवावी लागते.

अशा नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तथापि, पुष्कळ मागण्या फेटाळल्या जातात असे दिसून येते. फेटाळणीची कारणे तपासली असता तीच तीच चार कारणे पुन्हा पुन्हा आढळतात : मालाचे मूल्य लिहून दिलेले नव्हते, बांधणी अपुरी होती, ताबा घेताना कोणताही शेरा न मारता सही केली, आणि लेखी सूचना मुदतीत दिली नाही. यांपैकी पहिली दोन कारणे माल गावातून निघण्यापूर्वीच घडून गेलेली असतात व तिसरे गिऱ्हाइकाच्या दाराशी एका मिनिटात घडते. नुकसान झाल्यानंतर जागे होणाऱ्यास केवळ चौथे कारण टाळता येते. म्हणून भरपाईचा विचार माल पाठवितानाच करावयास हवा, आणि प्रस्तुत लेखात त्याच क्रमाने तो केला आहे.

वाहतूकदाराची जबाबदारी

माल वाहून नेणारा हा मालाचा राखणदारही असतो, हे कायद्याचे मूळ तत्त्व आहे. रेल्वेच्या बाबतीत १९६१ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९६२ पासून, रेल्वेवर सार्वजनिक वाहकाची पूर्ण जबाबदारी टाकण्यात आली. तत्पूर्वी ती केवळ ठेव सांभाळणाऱ्याइतकी होती. सध्या लागू असलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम ९३ अन्वये वाटेत माल हरवला, नष्ट झाला, मोडला किंवा बिघडला तर रेल्वे जबाबदार असते. दैवी आपत्ती, युद्ध, सरकारी जप्ती, पाठविणाऱ्याची चूक, मालाचा अंगभूत दोष अशी काही कारणे वगळलेली आहेत. परंतु त्या प्रसंगीही आपण वाजवी काळजी घेतली होती हे रेल्वेनेच सिद्ध करावयाचे असते.

रस्त्यावरील वाहतुकीस पूर्वी १८६५ चा कायदा लागू होता. त्याच्या जागी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला व तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. ह्या कायद्यातील ‘सार्वजनिक वाहक’ ह्या व्याख्येत मालमोटारवाल्यांबरोबर माल बुक करणाऱ्या कंपन्या, दलाल व दारापासून दारापर्यंत माल नेणारी कुरिअर संस्था यांचाही समावेश केलेला आहे. नुकसान झाल्याचे दाखविले म्हणजे पुरे. वाहकाने निष्काळजीपणा केला हे पाठविणाऱ्याने शाबीत करण्याची गरज नाही, अशी ह्या कायद्याची स्पष्ट तरतूद आहे. चुडाव्यात बसून, आपली पेटी कोणत्या गोदामात कोणी आपटली हे सिद्ध करणे कोणासही शक्य नाही. त्यामुळे ही तरतूद लहान पाठविणाऱ्यास फार मोलाची आहे.

बिल्टीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का पाहून पुष्कळ जण भरपाईची आशाच सोडतात. तसे करण्याचे कारण नाही. नाथ ब्रदर्स एक्झिम इंटरनॅशनल विरुद्ध बेस्ट रोडवेज ह्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अशा शर्तीमुळे वाहक आपल्या निष्काळजीपणाच्या परिणामांतून मुक्त होत नाही. रेल्वेच्या बाबतीत मात्र थोडा फरक आहे. तेथे मालकाच्या जोखमीचा सवलतीचा दर स्वीकारला असेल तर कलम ९७ प्रमाणे रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. भाड्यात वाचलेले थोडे रुपये पाहून हा दर निवडणे नाशवंत अथवा फुटणाऱ्या मालाच्या बाबतीत शहाणपणाचे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथेच आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बिल्टी ज्याच्या नावाची, मागणी त्याची. आपला माल एखाद्या व्यापाऱ्याच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या खात्यावरून पाठविण्याची पद्धत खेड्यांत सर्रास आहे, कारण त्यास भाड्यात सूट मिळते. परंतु माल खराब झाला म्हणजे वाहक त्या दुकानदारासच ओळखतो, शेतकऱ्यास नव्हे. विक्रीच्या एखाद्या संकेतस्थळामार्फत माल गेला असेल तर कुरिअरशी करार त्या संकेतस्थळाचा असतो व मागणी त्याच्याच मार्फत करावी लागते. अशा संकेतस्थळांच्या मुदती फार अल्प असतात. कित्येकदा त्या मोजक्या दिवसांच्याच असतात. विक्रेता म्हणून नाव नोंदविताना त्या अटी एकदा मराठी जाणणाऱ्या व इंग्रजी वाचणाऱ्या माणसाकडून समजून घ्याव्यात आणि भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

मूल्य लिहून देणे

वाहक जबाबदार असला तरी किती रकमेस, हा निराळा प्रश्न आहे. आणि बहुतेक निराशा येथेच पदरी पडते.

समजा, एका गटाने २० किलो हळद पूड एका खोक्यात घालून पाठविली. किलोस २५० रुपये धरले तर मालाची किंमत ५,००० रुपये होते. भाडे ३०० रुपये पडले. वाटेत सगळेच खोके भिजून निकामी झाले. आता मूल्य लिहून दिलेले नसेल तर काय मिळेल ते पाहू. रस्ता वाहतुकीच्या २०११ च्या नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित आहे, म्हणजे ३,००० रुपये. हेच खोके रेल्वे पार्सलने गेले असते तर १९९० च्या नियमांप्रमाणे किलोस ५० रुपये ही मर्यादा लागून जास्तीत जास्त १,००० रुपये मिळाले असते. ५,००० रुपयांचे नुकसान झाले तरी हाती पडावयाची रक्कम ही. हळदीसारख्या, वजनाच्या मानाने किमती मालास ही मर्यादा फार जाचक ठरते. ज्वारीच्या पोत्यास ती तितकी बोचत नाही.

ही मर्यादा उठविण्याचा मार्ग कायद्यातच आहे. माल सोपविताना पाठवणी पत्रावर त्याचे खरे मूल्य लिहून द्यावे आणि त्याबद्दलचा जादा आकार भरावा. रेल्वेत ह्यास टक्केवारी आकार म्हणतात. मालमोटारीच्या बाबतीत जादा जोखमीचा दर म्हणतात. आकार भरल्याची नोंद पावतीवर आली आहे की नाही हे तेथेच वाचून पाहावे. नुसते मूल्य लिहिले व आकार भरला नाही तर मर्यादा कायम राहते.

काही जण जकात किंवा करांच्या जुन्या भीतीने मूल्य मुद्दाम कमी लिहितात. पाच हजारांचा माल ‘रुपये पाचशे’ म्हणून पाठविला तर भरपाई पाचशेचीच होईल, कारण लिहून दिलेल्या मूल्यापेक्षा अधिक रक्कम कोणी देत नाही. उलट, फुगवून लिहिलेले मूल्यही टिकत नाही. बिल, खरेदीची काटापट्टी, दळणाची व पाकिटांची पावती यांवरून जी किंमत दाखविता येईल तीच लिहावी. बचत गटांनी प्रत्येक पाठवणीचे क्रमांक घातलेले बिल करण्याची सवय लावून घ्यावी. बिलावाचून मूल्य सिद्ध करताना फार त्रास होतो.

कुरिअरच्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. त्याखाली सही केल्यावर ‘मी ते वाचले नव्हते’ असे म्हणून भागत नाही. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल ह्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरील १०० डॉलरची मर्यादा बंधनकारक मानली होती. तो माल परदेशी गेला होता व कायदाही तेव्हा जुना होता. तरीही सही करण्यापूर्वी पावती उलटून पाहण्याचा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

वाहतुकीचा विमा

पीकविमा उतरविला आहे म्हणजे आपला माल विम्यात आहे, असा समज अजून काही शेतकऱ्यांत आढळतो. पीकविमा हा शेतातील पिकाचा असतो. दळलेली, पाकिटबंद केलेली व मोटारीत चढविलेली हळद त्यात येत नाही. तिच्यासाठी वाहतुकीचा विमा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. तो एका खेपेपुरता घेता येतो, किंवा वर्षभरातील सर्व खेपांसाठी एकत्रही घेता येतो. महिन्यास दहा-पंधरा खोकी पाठविणाऱ्या गटास दुसरा प्रकार सोयीचा पडतो.

देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याचे अ, ब व क असे तीन प्रकारचे संरक्षण रूढ आहे. ‘क’ प्रकारात आग व वीज एवढेच येते. ‘ब’ प्रकारात त्याशिवाय वाहनाची टक्कर, वाहन उलटणे, रूळ सोडणे, पूल तुटणे असे अपघात येतात. बरणी फुटणे, खोके भिजणे, चोरी होणे असे आपल्या लहान मालाचे नेहमीचे नुकसान प्रायः ‘अ’ प्रकारातच भरून मिळते. हप्ता थोडा म्हणून ‘क’ प्रकार घेतला व नंतर भिजलेल्या हळदीची भरपाई मागितली तर ती मिळणार नाही. विमा घेताना ‘सर्व जोखमींचा’ आहे का, हे विचारून तसे लेखी घ्यावे. दंगल व संप यांची जोखीम वेगळी मागून घ्यावी लागते.

‘अ’ प्रकारातही काही गोष्टी वगळलेल्याच असतात. नेहमीची गळती व वजनातील घट, अपुरी किंवा अयोग्य बांधणी, मालाचा अंगभूत दोष आणि केवळ विलंबामुळे झालेले नुकसान यांची भरपाई नसते. केळीच्या बाबतीत ही शेवटची दोन कारणे बहुतेक वेळा आड येतात. अर्धापूर किंवा पूर्णा भागातील केळीची गाडी दोन दिवस अडकून पडली व घड पिकून काळे पडले तर विमा कंपनी विलंबाकडे व फळाच्या स्वभावाकडे बोट दाखविते. त्या नुकसानीसाठी वाहकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा शोधणे व त्याच्याशी झालेल्या वेळेच्या लेखी कराराचा आधार घेणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणून केळी पाठविताना पोहोचण्याची वेळ बिल्टीवर लिहून घेतल्यावाचून गाडी हलू देऊ नये.

कुरिअरवाला ‘माल इन्शुअर्ड आहे’ असे तोंडी सांगतो तेव्हा त्यास तीन गोष्टी विचाराव्यात. विमा कोणत्या कंपनीचा व प्रमाणपत्राचा क्रमांक काय? खाद्यपदार्थ, काच व तेलकट माल त्यात येतो का? आणि गिऱ्हाइकाने परत पाठविलेला माल परतीच्या वाटेवर संरक्षित आहे का? ह्या शेवटच्या प्रश्नाकडे कोणाचेच लक्ष नसते. माल गिऱ्हाइकाकडे पोहोचला की विमा सामान्यतः संपतो. परतीचा प्रवास ही नवी खेप असते. परत आलेली फुटकी बरणी हे नुकसान बरेचदा कोणाच्याच खात्यात बसत नाही.

बांधणी आणि तिचा पुरावा

बांधणीचा विषय येथे भरपाईच्या दृष्टीने पाहावयाचा आहे. पाठविणाऱ्याची बांधणी सदोष होती असे पाठवणी पत्रावर नमूद असेल तर रेल्वेची जबाबदारी कलम ९८ अन्वये बरीच कमी होते. विमा कंपनीचेही तेच. म्हणून कारकून पावतीवर ‘जुने खोके’, ‘बांधणी सैल’ असा शेरा मारू लागला तर तेथेच खोके बदलावे. शेरा मान्य करून माल पाठवू नये.

हळद पूड ओलावा चटकन धरते. मार्च-एप्रिलमध्ये दळलेली पूड जून ते सप्टेंबरमध्ये प्रवासास निघते, हा काळच जोखमीचा आहे. पूड जाड, आतून पन्नी असलेल्या पाकिटात उष्णतेने बंद करावी, अशी पाकिटे प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालावीत व ती पिशवी पन्हळी पुठ्ठ्याच्या पाच थरी खोक्यात ठेवावी. किराणा दुकानातून मिळालेले वापरलेले तीन थरी खोके वीस किलोच्या भारास पुरत नाही. लोणच्याची काचेची बरणी पाठवावयाची असेल तर प्रत्येक बरणी स्वतंत्र गुंडाळून तिच्या चहूबाजूंस दोन बोटे जागा भरावाने भरावी व झाकण पन्नीने बंद करावे. भरलेले खोके कमरेच्या उंचीवरून फरशीवर एकदा सोडून पाहावे. आतून आवाज आला तर बांधणी पुन्हा करावी. ‘काच, सांभाळून’ अशी चिठ्ठी अवश्य चिकटवावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

पूड वाटेत भिजली की दळतानाच ओली होती, हा वाद हमखास निघतो. हळकुंडे दळण्यापूर्वी त्यांतील ओलावा मोजून त्याची नोंद दळणाच्या वहीत तारखेसह ठेवली तर हा वाद एका कागदाने मिटतो. उत्पादक कंपन्यांकडे ओलावामापक असतो. लहान गटांनी तो त्यांच्याकडून वापरावयास घ्यावा. प्रत्येक दळणास क्रमांक द्यावा व तो पाकिटावर छापावा. त्याच दळणाचे एक पाकीट घरी नमुना म्हणून जपून ठेवावे. त्याच दळणाची घरची पूड कोरडी व पोहोचलेली पूड ओली, हा सर्वांत बोलका पुरावा होय.

खोके बंद करताना मोबाइलवर चार छायाचित्रे घ्यावीत : आतील माल, भराव घातल्यानंतरचे खोके, चिठ्ठीसह बंद खोके, आणि काट्यावरचे वजन. पोहोचल्यावर वजन कमी भरले तर ते चौथे छायाचित्र उपयोगी पडते. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाकावी. बाहेरची चिठ्ठी फाटून माल बेवारस झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

ताबा घेण्याचा क्षण

येथे काम गिऱ्हाइकाचे आहे व नुकसान आपले आहे. म्हणून माल निघतानाच गिऱ्हाइकास मोबाइलवर साध्या भाषेत सूचना पाठवावी. ती अशी असावी : ‘खोके घेण्यापूर्वी सर्व बाजूंनी पाहावे. फाटलेले, ओले किंवा दबलेले असल्यास सही करताना पावतीवर तसे लिहावे. माल आणणाऱ्यासमोर खोक्याचे छायाचित्र घ्यावे. उघडताना पत्त्याची चिठ्ठी दिसेल अशा रीतीने सलग चित्रण करावे. खोके व भराव आम्ही सांगेपर्यंत फेकू नये.’

कोऱ्या सहीचा अर्थ ‘माल सुस्थितीत मिळाला’ असा घेतला जातो. नंतर कितीही छायाचित्रे दाखविली तरी नुकसान गिऱ्हाइकाच्या घरी झाले असावे, असे म्हणावयास वाहकास वाव मिळतो. ‘खोके ओले, एक कोपरा फाटलेला, आतील माल तपासलेला नाही’ एवढे नऊ शब्द पुरतात. हल्ली सहीऐवजी मोबाइलवर आलेला क्रमांक सांगून ताबा दिला जातो व शेरा लिहावयास जागाच नसते. अशा वेळी क्रमांक सांगण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी कुरिअरच्या तक्रार पत्त्यावर ते पाठवावे. दुसरा दिवस उजाडू देऊ नये.

रेल्वे पार्सलच्या बाबतीत माल बिघडलेला दिसला किंवा छेडछाडीची खूण आढळली तर रेल्वे अधिकाऱ्यांसमक्ष माल उघडून, मोजून ताबा घेण्याचा हक्क कलम ८१ ने दिलेला आहे. ह्यास ‘ओपन डिलिव्हरी’ म्हणतात. ती मागितली की रेल्वेने दिली पाहिजे व नुकसानीचा दाखला तयार झाला पाहिजे. हमालाने पार्सल डोक्यावर घेऊन स्टेशनाबाहेर आणल्यावर हा हक्क मागता येत नाही. शिवाय माल पोहोचल्यावर सात दिवसांत सोडवून घ्यावा, कारण रेल्वेची ठेवीदार म्हणून जबाबदारी तेवढ्यापुरतीच असते.

खराब झालेल्या मालातून जो चांगला असेल तो लगेच वेगळा करावा. वीस पाकिटांपैकी सहा भिजली असताना उरलेली चौदाही त्याच ओल्या खोक्यात ठेवून ती बुरसटली, तर त्या वाढीव नुकसानीस विमा कंपनी जबाबदार राहत नाही. मात्र खराब पाकिटे कंपनीच्या संमतीवाचून विकू अथवा फेकू नयेत. सर्व्हेअर पाहावयास येईपर्यंत ती जपावीत.

सूचना आणि मुदत

रेल्वेस भरपाईची लेखी सूचना माल सोपविल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत द्यावी लागते. रस्ता वाहतुकीत ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, आणि अशा सूचनेवाचून दावाच लावता येत नाही. १८६५ च्या जुन्या कायद्यात मुदत नुकसान कळल्यापासून मोजीत असत. जुने व्यापारी अजून तोच हिशेब सांगतात. तो आता चालत नाही. तसेच सहा महिने व १८० दिवस हे एक नव्हेत. १० एप्रिलला बुक केलेल्या मालाचे १८० दिवस ७ ऑक्टोबरला पुरे होतात, म्हणजे सहा महिन्यांच्या तीन दिवस आधी. ह्या मुदती कायद्याच्या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्षात सूचना नुकसान कळल्यापासून दोन-तीन दिवसांतच जावी, कारण विमा कंपनीस तात्काळ कळविण्याची अट पॉलिसीत असते.

फोनवरील तक्रार ही सूचना नव्हे. पत्र लिहून ते पोहोच मिळेल अशा रीतीने द्यावे. रजिस्टर्ड टपालसेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यामुळे आता ‘रजिस्टर पोस्टाने’ पाठवा असा जुना सल्ला न देता, स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह पाठवा असे सांगावे. पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे :

‘प्रति व्यवस्थापक, … … यांस. विषय : बिल्टी क्रमांक …, दिनांक … अन्वये पाठविलेल्या मालाच्या नुकसानीची सूचना व भरपाईची मागणी. महोदय, वरील बिल्टीने आम्ही चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी येथून … येथे हळद पुडीची … पाकिटे, एकूण वजन … किलो, मूल्य रुपये …, पाठविली होती. दिनांक … रोजी माल पोहोचला तेव्हा खोके … अशा स्थितीत होते व ताब्याच्या पावतीवर तसा शेरा दिला आहे. आतील … पाकिटे निकामी झाली असून आमचे रुपये … इतके नुकसान झाले आहे. ही रक्कम द्यावी. हे पत्र कायद्यान्वये आवश्यक असलेली सूचना म्हणून समजावे. सोबत बिल्टी, बिल, छायाचित्रे व शेरा असलेली पावती यांच्या प्रती जोडल्या आहेत.’

मूळ कागद कोणासही देऊ नयेत, प्रतीच जोडाव्यात. मूळ बिल्टी मागितलीच तर पोहोच घेऊन द्यावी. मागणी मालाच्या किमतीची करावी. गिऱ्हाईक तुटल्याचे किंवा नफा बुडाल्याचे आकडे घातल्याने पत्राचे वजन वाढत नाही, उलट मूळ मागणी संशयास्पद वाटू लागते.

विमा असला तरी वाहकास सूचना द्यावयाचीच, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष समजावून सांगावे. विमा कंपनी भरपाई देते तेव्हा वाहकाविरुद्धचा आपला हक्क तिच्याकडे जातो. आपण वाहकास मुदतीत सूचना न दिल्यामुळे तो हक्कच बुडाला असेल तर कंपनी आपली भरपाई नाकारू अथवा कापू शकते. म्हणून वाहकास दिलेल्या पत्राची पोहोच विम्याच्या अर्जास जोडावी लागते. पॉलिसी, बिल, बिल्टी, नुकसानीचा दाखला, सर्व्हेअरचा अहवाल व हे पत्र एवढे कागद एकत्र असले म्हणजे अर्ज सहसा अडत नाही.

नकार आल्यास

रेल्वेविरुद्धचा दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न लावता १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. आपला भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो; मात्र सूचना माल जेथे दिला, जेथे पोहोचावयाचा होता किंवा जेथे नुकसान झाले, त्यांपैकी कोणत्याही रेल्वे प्रशासनास देता येते.

कुरिअर व विमा कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची सोय केली आहे. त्यामुळे कुरिअरचे कार्यालय मुंबईस असले तरी चुडाव्याच्या शेतकऱ्यास परभणीस अर्ज देता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असा आक्षेप कुरिअरवाले घेतात. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यास कायद्याने त्यातून वगळले आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. गटातील भगिनींनी आपण स्वतः दळण व पाकिटबंदी करतो असे नमूद करावे. उत्पादक कंपनीस हा अपवाद लागू करून घेणे कठीण आहे. परंतु विम्याच्या बाबतीत तिलाही दार खुले आहे, कारण विमा नफ्यासाठी घेतला जात नसून नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्स प्रकरणात २०२३ साली म्हटले आहे. वैयक्तिक विमेदारास व सूक्ष्म उद्योगास विमा लोकपालाकडेही विनाशुल्क जाता येते. त्यासाठी प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचे उत्तर, किंवा एक महिना उत्तर न आल्याचा पुरावा, हाती असावा लागतो.

गावातील ज्या गटांची विक्री ह्या मार्गाने चालते, त्यांच्याकडे कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा जाऊन तीन कागद पाहावेत : शेवटच्या खेपेची बिल्टी, विम्याचे प्रमाणपत्र व दळणाची वही. बिल्टीवर मूल्याचा रकाना कोरा आढळल्यास पुढील खेप निघण्यापूर्वी तो भरून घेण्याची व्यवस्था करावी.